शंभरभाऊंचे चिंचोके

शंभरभाऊ कोणाला माफ करत नसत. भामरागडकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात ते रक्त तपासत आणि राग तितक्याच काळजीने सांभाळत. एकदा औषधं देणाऱ्याने सूक्ष्मदर्शकाचं तेल दाराच्या बिजागरीला घातलं. त्यानंतर तीन वर्षं भाऊ त्याच्याशी थेट बोलले नाहीत. तो समोर उभा असला तरी मला म्हणायचे, "बाई, त्याले सांग, चाय थंडी होऊन राह्यली."

मलेरियासाठी रक्ताची काच पाहताना भिंगाखाली एका वेळी जो गोल तुकडा दिसतो, त्याला भाऊ 'घर' म्हणत. शंभर घरं पाहिल्याशिवाय 'जंतू नाही' असं लिहायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. पाळताना मी एकट्या भाऊंनाच पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताशी दोन वाट्या असत, एकीत शंभर चिंचोके. एक घर पाहून झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. मी नवी होते, कंटाळायचे. तेव्हा म्हणाले, "हो म्हनायले एक घर पुरते पोरी. नाई म्हनायले शंभर लागतात."

दुसरी खोड पेन्सिलीची. काचेवर नावाची चिठ्ठी सगळेच चिकटवतात. भाऊ मात्र रक्त वाळलं की त्या पातळ थरातच पेन्सिलीने नंबर घालत. मलाही त्यांनी तीच सवय लावली. "चिठ्ठी निंगते. रगतातला नंबर निंगत नाई."

एका पावसाळ्यात भाऊ रजेवर गेले आणि नाल्याला पूर आल्याने पलीकडेच अडकले. त्याच दिवसांत सुनीला तिच्या बापाने खाटेवर घालून आणलं. आठ वर्षांची पोर, अंगात सणसणून ताप. मी रक्त घेतलं, नंबर घातला. काचांचा ढीग साचला होता. आमचे डॉक्टरसाहेब वैतागून म्हणाले, "आण इकडे." उभ्या उभ्या त्यांनी पाच-सहा घरं पाहिली असतील. "काही नाही. लिही." मी लिहिलं. माझ्याच हाताने लिहिलं, ते मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी सुनी गेली.

भाऊ परतले ते चपला काढायच्या आधी सुनीची काच मागत. शंभर चिंचोके संपले, जंतू सापडला नाही. "बघा, मलेरिया नव्हताच," साहेब म्हणाले. भाऊंनी काच खिडकीकडे तिरपी धरली. चिठ्ठी सुनीची होती, रक्तातला नंबर मात्र रजिस्टरप्रमाणे एका म्हाताऱ्याचा. मग त्यांनी म्हाताऱ्याच्या नावाची काच काढली. तिच्यावर माझ्या अक्षरात सुनीचा नंबर होता, आणि पहिल्याच घरात जंतू. चिठ्ठ्या कोणी बदलल्या हे विचारायचं कारण नव्हतं. काचांच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात असायची.

मला वाटलं, भाऊ आता त्यांची गचांडी धरणार. मला तर तेच हवं होतं. भाऊ म्हणाले, "याचं मंग पाहू. तिच्या घरी अजून कोनी तापलं असंन. गोळ्या घे." चिखल तुडवत आम्ही गावात पोचलो, तर सुनीचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला. त्याच्या रक्तातही जंतू निघाले. तो वाचला. आज तो ट्रॅक्टर चालवतो.

भाऊंनी तक्रार केली. चौकशीला आलेल्यांनी चहा घेतला, रजिस्टर चाळलं. भिंगाला डोळा कोणीच लावला नाही. साहेबांची बढती झाली, भाऊंची बदली कुरखेड्याकडे. निघताना त्यांनी कापसात गुंडाळलेली सुनीची खरी काच माझ्या हातात ठेवली, वर चिंचोक्यांची वाटी.

"हे कशाला, भाऊ?"

"त्यानं अजून शंभर घरं पाह्यली नाई. मी इसरत नाई, तू बी इसरू नको."

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. शेवटच्या भेटीत धड बोलवत नव्हतं, तरी बिजागरीच्या तेलवाल्याला त्यांनी माफ केलेलं नव्हतं. मी हसले आणि बाहेर येऊन खूप रडले. असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आता मी नव्या मुलामुलींना रक्त तपासायला शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या वर्गाच्या उद्घाटनाला मोठे अधिकारी म्हणून तेच साहेब आले. हार झाला, नारळ झाला. मी म्हटलं, "साहेब, पहिली काच तुमच्याच हस्ते." पोरं कौतुकाने भोवती जमली. साहेब हसत वाकले, आणि हसू तिथेच थांबलं. त्यांनी काच काढून उजेडात तिरपी धरली. रंग फिका झाला होता, पेन्सिलीचा नंबर नव्हता झाला.

"कुणाची आहे ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुनीची," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. चिंचोक्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "पाच-सहा झाली होती तुमची. बाकीची पाहा. आम्ही थांबतो."