‘बंद करा’ म्हणणारा मामा

माझा मामा शिंपी आहे. गल्लीत त्याला कातरमामा म्हणतात, पण ते कापडामुळे नव्हे. लोकांची फोनची, टीव्हीची, इंटरनेटची बिलं तो कापून देतो, म्हणून. पॅन्ट आखूड करायला आलेला माणूस जाताना हळूच खिशातून बिल काढतो. मामा तोंडातल्या टाचण्या बाजूला ठेवतो आणि चष्मा कपाळावरून खाली घेतो.

“हे साठ चॅनेल कोण बघतं घरात?”

“तसं कोणीच नाही.”

“मग भरतोस कशाला? कंपनी काय तुझी सासुरवाडी आहे?”

त्याची युक्ती एकच. कंपनीला फोन लावायचा आणि थंडपणे म्हणायचं, “कनेक्शन बंद करा.” एवढं म्हटलं की पलीकडची मुलगी मधाळ बोलू लागते आणि दर खाली येतो. निम्म्या गल्लीची बिलं त्याने अशी उतरवली. स्वतःच्या मोबाइलचं कार्ड तर तो दर सहा महिन्यांनी बदलायचा, कारण नव्या कार्डावर फुकट मिनिटं मिळायची. मामी म्हणायची, “ह्यांचा नंबर पाठ होईपर्यंत जुना होतो.”

दुकानातला जुना लँडलाइन फोन मात्र त्याने कधी काढला नाही. त्यावर कोणाचाही फोन येत नसे, बिल तेवढं येई. लोक चिडवायचे, “मामा, दिव्याखाली अंधार!” मामा ऐकलं न ऐकलं करून मशीन चालवायचा.

कारण मला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी मामेभावाचं मोबाइलचं बिल भरमसाट आलं. मामा गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलला. शेवटी म्हणाला, “स्वतःच्या कमाईने बिल भरशील, तेव्हाच मला फोन कर.” पोरगा वीस वर्षांचा होता. त्याच आठवड्यात घर सोडून गेला आणि त्याचा नंबरही बंद झाला. मामाचे त्याला माहीत असलेले मोबाइल नंबर कार्डांबरोबर कधीच गेले होते. उरला होता तो हा लँडलाइनचा.

यंदा लँडलाइनचा दर वाढला आणि मामाची जीभ सवयीने वळवळली. त्याने कंपनीला फोन लावला. “परवडत नाही. बंद करा.” समोरचा मुलगा म्हणाला, “ठीक आहे, सर.” मामाला वाटलं, आता सवलत सांगायला उलटा फोन येईल. तो वाट बघत बसला. त्याला काय माहीत, असल्या जुन्या जोडण्या कंपनीलाच नकोशा झाल्या होत्या! अकराव्या दिवशी मी दुकानात सहज रिसीव्हर उचलला, तर आवाजच नाही. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. मशीनवरचं कापड तसंच टाकून तो निघाला, आणि मी त्याच्या मागे.

ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, “नंबर अजून कोणाला दिलेला नाही. पण आता तो सगळ्यात मोठ्या पॅकेजबरोबरच मिळेल. टीव्ही, इंटरनेट, सगळं धरून. वर्षाचे पैसे एकदम.”

मामाने भाव केला नाही. किती चॅनेल, तेही विचारलं नाही. पैसे भरले आणि तिथेच घुटमळला.

“बाई, या अकरा दिवसांत ह्या नंबरवर कोणाचा फोन आला होता का, ते कळेल?”

“बंद नंबरची नोंद राहत नाही हो, काका.”

आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर मामा थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आठ वर्षांत केला नाही त्याने. नेमका ह्या अकरा दिवसांत कशाला करेल? नाही का गं?”

मला त्याच्याकडे बघवेना. “करेल रे मामा, एक दिवस नक्की करेल,” असं मी आठ वर्षं त्याला सांगत आले होते.

“नाही मामा,” मी म्हणाले, “नसेलच केला त्याने.”