आठ दिवसांची अंडी

माझा राग घरात सगळ्यांना ठाऊक. पण त्या शुक्रवारी कोळवणला जाऊन मी आईवर जे तोंड टाकलं, त्याची आजही लाज वाटते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी पुण्यात संशोधन करत होते. विषय होता चेतापेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन. उंदराच्या लाळग्रंथींत ते मोठ्या रूपात सापडतं. तीन तऱ्हेची प्रथिनं एकमेकांना धरून बसलेली असतात. त्यांना सोडवलं की त्यातलं एक लहान रूप हाती लागतं. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगतं ते मोठं रूप की फक्त लहान, एवढंच मला शोधायचं होतं. दोन्ही रूपं तयार करण्यात वर्ष गेलं होतं आणि आता दोन प्रयोगांपुरतीच उरली होती. सरांनी बजावलं होतं, "फरक दिसला नाही, तर हा विषय सोडा."

परीक्षा व्हायची कोंबडीच्या गर्भातल्या मज्जागाठींवर. एका बशीतल्या गाठींना मोठं रूप घालायचं, दुसरीतल्यांना लहान; ज्यानं काम केलं, त्या बशीतल्या गाठींना रात्रीत तंतू फुटतात. गर्भ आठ दिवसांचा हवा. त्याआधी गाठी कोवळ्या असतात, प्रथिनाला नीट दाद देत नाहीत. नेमकं आमचं अंडी उबवायचं यंत्र बंद पडलं, म्हणून सोमवारी आईकडे धावले.

"खुडूक कोंबडी हाय की उबवायला," आई म्हणाली. "कवा पायजेत?"

"पुढच्या बुधवारी न्यायला येते. आठ दिवसांची हवीत."

गुरुवारी सरांनाही सांगून टाकलं, "आठ दिवसांनी निकाल दाखवते."

ठरल्या बुधवारी भाताच्या कोंड्यात अंडी रचली, पाटी पोटाशी धरली, वरून शाल घेतली आणि एस.टी.त चढले. पौडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत. कंडक्टरनं एकाला उठवलं, "बाईला बसू द्या, दिवस भरत आल्यात." लग्न न झालेली मी मुकाट बसले. अंडी हिंदकळण्यापेक्षा ते परवडलं.

गुरुवारी सकाळी दोन्ही बशांत सारखेच चारदोन तंतू. सर सूक्ष्मदर्शकावरून उठले. "रूपं नक्की वेगळी झाली आहेत ना?" ते गेल्यावर उरलेला एक गर्भ पुस्तकातल्या रोजच्या वाढीच्या चित्रांशी ताडून पाहिला. सातच दिवसांचा होता.

शुक्रवारी ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मी आईवर ओरडले. "आठ सांगितले होते ना? आठ मोजता येत नाहीत तुला?"

"बुधवारी बसवली, बुधवारी नेलीस. आठ दिस झालं की."

"सात होतात! माझं वर्ष गेलं तुझ्यापायी!"

आईनं निवडत्या तांदळातला खडा वेचून टाकला. म्हणाली, "मंग नऊ म्हनायचं व्हतंस."

दुसऱ्या खेपेला तिनं मंगळवारी अंडी बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली. आठ रेघा झाल्यावर मी पाटी उचलली. या प्रयोगानंतर प्रथिनाचा थेंबही शिल्लक राहणार नव्हता. पहिल्या दोन गाठी सोडवतानाच वाया गेल्या.

गुरुवारी सकाळी लहान रूपाच्या बशीत प्रत्येक गाठीभोवती मक्याच्या कणसाला असतात तसे दाट तंतू होते. मोठ्या रूपाच्या बशीत जवळजवळ काही नाही. संध्याकाळी तिथेही थोडे फुटू लागले. मोठं रूप स्वतः गप्प असावं, त्यातून लहान रूप सुटेल तसं काम होत असावं, असं मी चाचरत म्हणाले. सरांनी दोन्ही बशा पुन्हा पाहिल्या.

"विषय चालू ठेवा," ते म्हणाले. "लिहून केव्हा देता?"

"आठ दिवसांनी."

त्यांनी डायरी उघडली आणि पुढच्या गुरुवारी नोंद केली. मी ते पाहत होते. आज गुरुवार, पुढचा गुरुवार. त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही, आणि मलाही वाटलं नव्हतं. मागच्या वेळी मीच त्यांना आठ दिवस सांगितले होते आणि सातव्या दिवशी निकाल घेऊन हजर झाले होते. आईनंही बुधवार ते बुधवार तसेच मोजले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कोळवणला गेले. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"आई, चूक माझी होती," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

तिनं हात पदराला पुसून माझे डोळे पुसले. "फुटलं न्हवं तुजं तंतू? मग झालं. आता परत कवा बसवायची?"

"आठ..." मी म्हणाले आणि जीभ चावली.

"वारच सांगत जा बाई," आई हसली. "मोजायचं मी बघती."