पेनायाची रविवारची पोती

आमच्या बेटावर, नावूनीमोली गावात पेनायाचं नाव काढलं की कोणीही सांगतं, "तो होय? दुकान बुडवणारा." पेनाया शेजारी बसलेला असला तर तोच चूक सुधारतो, "बुडवलं नाही रे, वाटून टाकलं." ते दुकान पाच आठवडे चाललं. मासळीचे डबे, साखर, साबण, सगळं नातेवाइकांनी मागून नेलं, आणि आमच्या गावात नातेवाईक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. दारात बसून कोणी 'केरेकेरे' म्हटलं की मागेल ते द्यायचं, ही आमची रीत. हिला नावं ठेवणारे खूप आहेत. ते सगळे रविवारी कोणाच्या ना कोणाच्या दारात बसलेले दिसतात.

दुकान नाही जमलं, पण दालो लावावेत ते पेनायानंच. अळूचीच ती जात, पण एकेक कंद नारळाएवढा. डोंगरउतारावर टोकदार काठीनं भोकं पाडत तो रांगा लावत जायचा आणि मनातल्या मनात स्वतःची थट्टा करत राहायचा. सत्तावन्न वर्षांचा झालास पेनाया, आणि तुझं ऐकून घेणारं एवढंच पीक आहे.

मग सरकारनं नवा नियम काढला. सरकारी शाळांनी आणि दवाखान्यांनी आधी आपल्याच बेटावर पिकलेलं विकत घ्यायचं, बाहेरून येणारा तांदूळ स्वस्त पडला तरी. शेतकी खात्याचे ललितेश चंद गावात आले, सगळ्यांचे मळे हिंडून पाहिले आणि निवासी शाळेसाठी पेनायाचं नाव लिहून घेतलं. दर सोमवारी सोळा पोती. तीनदा माल कमी पडला की नाव कटणार आणि शाळा पुन्हा तांदळावर जाणार.

पेनायाला त्या रात्री झोप लागेना. त्याच शाळेत तो शिकला होता. तीन वर्षं पाणचट भात खाऊन तो नापास झाला, आणि नापास होण्याचं खापर आजही तो भातावरच फोडतो. "आता पोरं माझा दालो खाणार उनाइसी," तो बायकोला म्हणाला, "पास होतील बघ सगळी."

"तू शाळेत असताना घरून दालो नेत होतास की," उनाइसी म्हणाली. "तरी नापास झालास."

अडचण एकच होती. सोमवारी पहाटे गाडी यायची, आणि रविवारी आमच्याकडे कोणी मातीला हात लावत नाही. म्हणजे दालो शनिवारी उपटायचे, ओढ्यावर धुवायचे, पोती भरायची, आणि अख्खा रविवार ती पोती ओसरीवर. अख्खा गाव चर्चला जाणार तो पेनायाच्या ओसरीवरूनच.

पहिल्या रविवारी चार पोती गेली. पाद्रीबाबांकडे पाहुणे होते, वासितीच्या नातीचा बाप्तिस्मा होता, आणि बाकीच्यांना फक्त पोती दिसली होती. दुसऱ्या रविवारी वरच्या आळीत म्हातारा वारला. मयताच्या घरी कोण नाही म्हणणार? सहा पोती पेनायानं आपण होऊन नेऊन दिली.

"पेनायाभाऊ," चंदसाहेब सोमवारी म्हणाले, "शाळेची आचारीण मला शिव्या घालते हो. दोनशे पोरं, आणि भांड्यात दालो अर्धाच. आता एकदाच राहिलं बरं का तुमचं."

"साहेब, मी कापून टाकण्याच्या लायकीचा माणूस आहे," पेनाया म्हणाला.

"कापू नका. पोती आत ठेवा."

तिसऱ्या शनिवारी पेनायानं सोळाच्या सोळा पोती आतल्या खोलीत रचली, वर चटया अंथरल्या आणि रविवारी चर्च सुटल्यावर स्वतः वर जाऊन बसला. डोकं छताला लागत होतं. आपण एखाद्या सरदारासारखे दिसत असू, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, अंड्यावरच्या कोंबडीसारखे.

तेवढ्यात साकियुसा आला. साकियुसा उनाइसीचा भाऊ, म्हणजे पेनायाचा मेव्हणा. आमच्यात मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची टिंगल केली नाही तर लोकांना वाटतं, भांडण झालं. तीस वर्षं साकियुसा दारातून शिरतानाच सुरू व्हायचा. त्या दिवशी मात्र तो घाईत होता. तो खोलीच्या दाराशी बसला.

"केरेकेरे, दाजी. लेकीच्या सासरची माणसं अचानक बोटीनं उतरलीत. माझे दालो अजून कोवळे आहेत. दोन डझन द्या."

पेनायाच्या ओठांवर 'घेऊन जा' आलं होतं. पण डोळ्यांसमोर दोनशे ताटल्या आल्या.

"नाहीत," तो म्हणाला. "घरात दालो नाहीत."

चटईखालून एक धुतलेला, गुलाबी देठाचा कंद बाहेर डोकावत होता. साकियुसानं त्याच्याकडे पाहिलं. मग पेनायाकडे पाहिलं.

"बरं दाजी," तो म्हणाला आणि उठून गेला. टिंगल नाही, टोमणा नाही, काही नाही.

सोमवारी सोळा पोती गेली. चंदसाहेबांनी हात हातात घेऊन दाबला. शाळेतून निरोप आला की पोरांनी दोनदा मागून घेतलं. आणि त्याच दिवशी ओढ्यावर उनाइसीला कळलं की साकियुसानं व्याह्यांना दुकानातला तांदूळ शिजवून घातला. दालोच्या गावात, पाहुण्यांना, बाहेरचा तांदूळ.

पुढचे तीन रविवार पोती पुन्हा ओसरीवर उघडी राहिली. पेनाया मेव्हण्याला नाही म्हणाला, हे गावभर झालं होतं, हात लावायला कोणी आलं नाही. लोक जाता-येता नमस्कार करायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि पुढे जायचे. साकियुसा तर 'पेनायासाहेब' म्हणू लागला. सोळाच्या सोळा पोती भरत होती आणि पेनायाला जेवण जात नव्हतं. त्याला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त एकटं वाटत होतं.

"मी त्याला जाऊन सांगतो, माझं चुकलं," तो म्हणाला.

"तोंडानं सांगून काय होणार?" उनाइसी म्हणाली. "त्याच्याकडे काहीतरी माग. सगळ्यांना देत फिरलास, पण जन्मात कोणाच्या दारात बसलायस कधी? मोठा दानशूर."

हे मात्र खरं होतं. मागायची वेळ आली की पेनाया उपाशी राहायचा आणि त्याला साधेपणा म्हणायचा.

त्यानंतरच्या रविवारी तो साकियुसाच्या दारात जाऊन बसला. वाटभर त्यानं माफीचं भाषण जुळवलं होतं, काय मागायचं ते मात्र ठरवायचंच राहिलं. साकियुसा आतून आला आणि उभा राहिला.

"केरेकेरे," पेनाया म्हणाला, आणि तोंडाला येईल ते बोलून गेला. "चार दालो दे."

हसू दाबता दाबता साकियुसाचं पोट हलायला लागलं.

"दाजी, तुमच्या ओसरीवर सोळा पोती आहेत."

"आहेत."

"आणि तुम्हाला माझे दालो पाहिजेत. अजून नीट पोसलेलेही नाहीत ते."

"तेच पाहिजेत."

"शाळेत भात खाल्लात तेव्हाच डोक्यावर परिणाम झाला असणार," साकियुसा म्हणाला. पेनायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साकियुसानं घरात होते ते चार दालो आणून त्याच्या हातात ठेवले. "न्या. पण मागच्या वाटेनं नका जाऊ. गावातून जा, दिसू दे सगळ्यांना."

पेनाया गावातून निघाला. पोरं हसली, बायका दारात आल्या. पाद्रीबाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिसऱ्या घराशी वासितीनं हाक मारली, "पेनाया, कुठून आणलेस रे? एक दे की!" त्यानं एक दिला. वडाखाली दोघं बसले होते, त्यांनी दोन नेले. शेवटचा वरच्या आळीत वारलेल्या म्हाताऱ्याच्या विधवेनं मागितला.

"काय आणलंस?" उनाइसीनं विचारलं.

"काही नाही," पेनाया म्हणाला आणि रिकामे हात तिला दाखवले. मग तो ओसरीवर पोत्यांशेजारी बसला, आणि केरेकेरे म्हणायला फाटकातून कोण कोण आत येतंय ते मोजू लागला.