डावीकडे कललेली छत्री

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, देवळाबाहेर, एक बाई गाय घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लोक तिच्याकडून चारा विकत घेऊन गायीला घालायचे आणि पाठीला हात लावून नमस्कार करायचे. गाय तिच्या डाव्या हाताला असायची. कडक उन्हात ती छत्री गायीच्या डोक्यावर धरायची आणि स्वतः भाजत बसायची.

प्राण्यांसाठी भांडणाऱ्या एका संस्थेने तक्रार केली आणि गाय गोशाळेत गेली. त्या अर्जावर माझीही सही होती. दोरीने घासून गायीच्या मानेवरचे केस गेले होते, ते मला बघवत नव्हतं.

आता ती बाई तिथेच हार विकते. परवा मी हार घेत होते, तेव्हा शेजारचा नारळवाला संस्थेच्या नावाने बोटं मोडत होता. "यांना जनावरं दिसतात, माणसं नाय दिसत!" देवळातून येणारेही माना डोलवत होते.

"गप रे," ती म्हणाली. "मी बघून आले ना तिला. अंगाने भरलीय. मानेवर केस आलेत." हाराची गाठ मारता मारता ती थांबली. "मला बघून उठली पण नाय."

मला सहीचं सांगायचं होतं, पण मी हाराचे पैसे मोजून दिले. सही चुकली असं आजही वाटत नाही.

हार घेऊन निघाले. तिची छत्री डावीकडच्या रिकाम्या जागेवर कललेली होती आणि ऊन सगळं तिच्या अंगावर.