एका इंचाला किती ठिपके

आईनं भिंतीवर लावायचा फोटो मागितला, तेव्हा मला भलतीच शंका आली. नसरापूरला माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. म्हातारी माणसं असा फोटो काढायला कधी येतात, ते मला पुरतं ठाऊक आहे. पिशवीत दवाखान्याची फाईल असते, सोबत आलेला माणूस नजर चुकवतो आणि ‘मोठा करायचाय’ एवढंच बोलतो. म्हणून मी तिला आधी विचारलं, “आये, तुला काय होतंय का? खरं सांग.”

“मला काय धाड भरलीया? तुज्या आबांचा फोटू कसा झालाय बघ. माजा तसा नको. तोंड वळकू आलं पायजे.”

आमची धनगरवस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात आहे. चार घरं. त्यातली तीन बंद, माणसं पुण्याकडं गेलेली. चौथ्यात आई एकटी राहते, बारा शेरडं आणि एक म्हैस घेऊन. खाली चल म्हटलं की ती शेरडांकडं बघते आणि म्हशीच्या दुधाचा विषय काढते.

आबांच्या फोटोबद्दल ती बोलली ते खरंच होतं. ते गेले तेव्हा त्यांचा एकच फोटो सापडला, कुणाच्या तरी लग्नातला, व्हॉट्सॲपवर आलेला. मुलगा फोटोवाला आणि बापाचा धड एक फोटो नाही, हे लोकांनी मला तोंडावर ऐकवलं. तो फोटो सोळाशे बाय बाराशे ठिपक्यांचा होता. गुणाकार केला तर एकोणीस लाख वीस हजार ठिपके होतात, ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यात वऱ्हाडातली तीस माणसं होती. आबांच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे जेमतेम ऐंशी ठिपके आले होते. भिंतीवरच्या फ्रेममध्ये चेहरा सहा इंच रुंद करायचा म्हणजे एका इंचाला तेरा ठिपके. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. मधली सगळी जागा कॉम्प्युटरनं अंदाजानं भरली. फ्रेम बघून आई म्हणाली होती, “ह्यो कोन?” आणि आत निघून गेली होती.

तेव्हापासून मी या आकड्यांच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर झालोय. गिऱ्हाईक दुकानात आलं की बैलाचे दात विचारावेत तसं विचारतं, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? मी सांगतो, चोवीस. सहा हजार ठिपके आडवे, चार हजार उभे, मिळून दोन कोटी चाळीस लाख. दहा लाखांचा एक मेगापिक्सेल, म्हणून चोवीस. मग पुढचं न विचारता सांगतो, कारण तिथंच सगळे फसतात. सहा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे चोवीसच्या पाव लांबीचा नव्हे. तो आडवा निम्मा आणि उभा निम्मा, तीन हजार बाय दोन हजार. निम्म्यानं निम्मा कापला की पाव उरतो. गिऱ्हाईक मान हलवतं आणि पासपोर्टच्या आठ कॉप्या मागतं.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन वस्तीवर गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केस तेल लावून चापून बसवले होते. छातीपर्यंतचे चार-पाच फोटो काढले. ती कॅमेऱ्याकडं अशी बघत होती की जणू तोच तिचं ऐकून घेणार आहे. मग म्हणाली, “ह्यांस्नी बी घे की,” आणि शेरडांकडं हात केला. मी अंगणाच्या कडेपर्यंत मागं सरकलो आणि घर, गोठा, शेरडं, मागचा डोंगर, मध्ये उभी आई असा एक आडवा फोटो काढला. चहा घेतला आणि दुपारपर्यंत दुकानात पोचलो.

फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि पहिली शिवी स्वतःलाच घातली. तीन हजार बाय दोन हजार. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायचे म्हणून मी कॅमेरा लहान आकारावर ठेवतो, तेवढ्या कामाला तेवढं पुष्कळ होतं. वर जाताना तो मोठ्या आकारावर करायला विसरलो होतो. आकडेमोडीवर भाषणं ठोकणारा मी, सख्ख्या आईच्या फोटोला पावभर ठिपके घेऊन आलो होतो.

तोंडाचे फोटो तरी चालतील म्हणून धीर धरला आणि तो आडवा फोटो मोठा करून बघायला लागलो. आई नीट आली होती. शेरडंही आली होती. गोठ्यामागं दगडी बांध आहे, त्याच्या पलीकडं कारवीचं रान. त्या बांधावर, कारवीच्या सावलीत, काहीतरी आडवं पसरलेलं होतं. पिवळट. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला पानाआड गेलेलं.

आणखी मोठा केला तर नुसते चौकोन दिसायला लागले. मागं आलो की जनावर, पुढं गेलो की चौकोन. मोठ्या आकारावर काढला असता तर त्या जागी लांबीत दुप्पट ठिपके असते, अंगावर बिबट्याचे डाग आहेत की नाही ते तरी कळलं असतं.

मग मी मोजायला बसलो. दुसरं काय येतं मला? आईची उंची पाच फूट, साठ इंच. फोटोत ती दोनशे चाळीस ठिपके उभी होती. म्हणजे एका इंचाला चार ठिपके. ते जनावर डोक्यापासून मागच्या टोकापर्यंत एकशेवीस ठिपके भरलं. भागिले चार, तीस इंच. अडीच फूट. अडीच फुटांचं म्हणजे कुत्रं. मी खुर्चीला पाठ टेकली. स्वतःशीच मोठ्यानं हसलो आणि चहा सांगितला.

चहाचा कप हातात असतानाच माझी नजर त्या निळ्या पिंपावर गेली. बांधाला लागून पाण्याचं एक प्लास्टिकचं पिंप ठेवलेलं आहे, मीच टेम्पोत घालून पायथ्यापर्यंत नेलेलं, पुढं खांद्यावर. तीन फूट उंच. छत्तीस इंच. फोटोत ते मला फारच बारकं वाटलं. मोजलं. बहात्तर ठिपके.

बहात्तर भागिले छत्तीस, दोन. बांधापाशी एका इंचाला चार नव्हे, दोनच ठिपके पडत होते. आई माझ्यापासून वीस पावलांवर होती आणि बांध तिच्याही मागं आणखी वीस पावलांवर. जवळच्या माणसाच्या मापानं मी लांबचं जनावर मोजलं होतं. पानाआडची शेपूट धरली नव्हती तरी ते साठ इंच भरत होतं. आईएवढं लांब. आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून म्हणत होतो, आये, जरा हस.

फोन लावला. लागणार नव्हता, हे माहीत असूनही सहा वेळा लावला. घरापाशी रेंज नाही, ती डोंगरमाथ्याच्या सड्यावर चढून फोन करते तेव्हाच बोलणं होतं. दुकान उघडंच टाकून गाडी काढली.

नसरापूर ते वेल्हे हा रस्ता मी डोळे मिटून सांगेन, पण त्या दिवशी तो संपत नव्हता. पुढं एक ट्रॅक्टर ऊस घेऊन निवांत चाललेला, त्याला मी काय काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही. मग डोक्यात आलं की ही फोटो मागत होती ती आबांची फ्रेम बघून नव्हे. तिला त्या जनावराचं माहीत होतं. चांगलं लुगडं, चापून बसवलेले केस, तोंड ओळखू आलं पाहिजे. हे सुचलं आणि मी गाडी आणखी दामटली. मी मोठा, चाळिशी ओलांडलेला माणूस, गाडीवर बसून आये, आये करत होतो. पायथ्याला गाडी टाकली आणि अर्ध्या तासाची चढण पळत काढली. ऊन डोंगराआड चाललं होतं. कारवी दोन्ही अंगांना हलत होती आणि वाऱ्यानं हलतेय की कशानं, हे बघायचीही छाती होत नव्हती.

अंगणात कुणी नव्हतं. दार सताड उघडं. मी गोठ्यामागं धावलो.

ती त्या निळ्या पिंपापाशी वाकून कळशी भरत होती. बांधाकडं पाठ करून.

मी असा ओरडलो की शेरडं उधळली. आई दचकून वळली. “वराडतुयास कशाला रं? मेलं का कोन?”

तिला दंडाला धरून ओढत घरात आणलं. कळशी वाटेतच सांडली. शेरडं कोंडली, म्हैस आत बांधली, दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून तिथंच बसलो. धापा टाकतच सांगितलं, “आये, फोटोत बिबट्या आलाय. तुझ्या मागं. बांधावर.”

ती घाबरली नाही. पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. “आला व्हय,” म्हणाली. “म्हंजी आता तरी तुला दिसला.”

“तुला माहीत होतं? मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. फोनवर सांगितलं. गोठ्यामागं जनावर येतंय, लई भ्या वाटतंय, येऊन बघ म्हनलं. तुज्या दुकानात कोनाचं तरी पोर रडत व्हतं, तू त्याला टाळ्या वाजवीत व्हतास. म्हनलास, कुत्रं असंल.”

मी म्हणालो, नाही, असं काही तू बोलली नाहीस. ती उठून चूल पेटवायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेरडं टेम्पोत घातली, म्हैस खालच्या गावातल्या पाहुण्यांकडं बांधली आणि आईला नसरापूरला आणलं. तीही मुकाट्यानं आली. बांधावर पावलांचे ठसे होते, वनखात्याच्या माणसांनी बघून बिबट्याच असल्याचं सांगितलं. ती दुकानामागच्या खोलीत झोपलेली असताना मी मोबाईल काढून जुने कॉल बघितले. वर सरकवत गेलो. तिचा कॉल होता, फोटो काढायच्या आठवडाभर आधीचा. चार मिनिटं बोललो होतो आम्ही. त्या चार मिनिटांतला एक शब्दही मला आठवत नाही.