चांगल्यातला तुकडा

पनवेलच्या एका रुग्णालयात माझं आतडं दुर्बिणीने तपासायचं होतं. औषधाने पोट रिकामं केलं होतं, तोंड मात्र गोष्टींनी भरलेलंच होतं. समोर बसलेल्या उरणच्या कोळणीला आणि तिच्या नवऱ्याला मी हातवारे करून भुताचा किस्सा सांगत होतो.

“दादा, तुमचा तोंड दुखत नाय का?” ती म्हणाली. नवरा हसला. हसता-बोलताना तिचा तळवा त्याच्या पोटावरच होता. आत आतड्यात कर्करोगाची गाठ होती, उद्या शस्त्रक्रिया होती.

एक तरुण डॉक्टर आली. संशोधनासाठी तिला गाठीचा एक तुकडा हवा होता आणि आतड्याच्या शेजारच्या निरोगी अस्तराचा एक.

“गाठीतला घ्या पायजे तवरा,” कोळीण म्हणाली. “ चांगल्यातला नाय. चांगला त्यांच्यात रायलाच किती हाय?”

“मावशी, जनुकं दोन्हीकडे तीच असतात. चांगल्या अस्तरात ‘आता वाढू नको’ सांगणारं जनुक वेळेवर चालू होतं. गाठीत ते बंद पडतं. कुठलं बंद पडलंय, ते चांगला तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.”

“मंग चांगला माजा घ्या,” म्हणत ती उठून उभीच राहिली.

मी खो-खो हसलो. त्या खोलीत एकटा मीच हसलो.

“यांचाच लागतो, मावशी.”

“त्यानं यांना गुण येल?”

“नाही. पुढे दुसऱ्या कुणाला येईल, कदाचित.”

“दे गो,” नवरा म्हणाला आणि त्याने संमतीपत्रावर सही केली.

तिने डॉक्टरला नखाचं टोक दाखवलं. “एवराच घे गो बाय. जास्त नको.”