मूळ कारणाचा रकाना

सुशांत दोन्ही हातांनी डोकं धरून मैदानावर आडवा पडला होता. चेंडू त्याच्यापासून दहा पावलं लांब होता. त्याच्या डोक्याजवळून माशीसुद्धा गेली नव्हती.

रेफ्री मुकादम सरांनी शिट्टी वाजवून मला हात केला. मी बॅग उचलून धावले.

मी महाडची फिजिओथेरपिस्ट. एरवी क्लिनिकमध्ये कंबर, गुडघे आणि एमआयडीसीतले आखडलेले खांदे बघते. त्या सीझनला वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीने मला आपल्या फुटबॉल टीमसाठी कंत्राटावर घेतलं होतं. टीममधले निम्मे खेळाडू कंपनीचे कामगार, निम्मे मुंबईहून पगारी आणलेले. सुशांत त्या पगारी लोकांतला सगळ्यात चांगला डिफेंडर. पोलादपूरविरुद्ध सेमीफायनल चालू होती आणि आम्ही एक-शून्यने पुढे होतो. रविवारच्या फायनलला मुंबईच्या एका मोठ्या क्लबची माणसं येणार होती. खास सुशांतला बघायला.

डोकंच का धरायचं, ते सांगते. पायाला लागलं तर रेफ्री खेळ चालू ठेवू शकतो. डोक्याला लागल्याची शंका आली तर त्याला ताबडतोब थांबवावा लागतो. शिवाय कन्कशन, म्हणजे हादरा बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं, एक्स-रेत दिसत नाही. खोटं ठरवता येत नाही म्हणून हे दुखणं फुटबॉलमध्ये फार लोकप्रिय आहे. त्या दिवशी सुशांतला ते तिसऱ्यांदा झालं होतं. तिन्ही वेळा पोलादपूरची चढाई ऐन रंगात असताना.

या वेळी शिट्टी वाजली आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या कॅप्टन बाळा सकपाळने चेंडू जाळ्यात मारला. शिट्टीनंतरचा गोल धरत नाहीत.

"मॅडम, आमचा गोल खाल्लान ह्याने!" बाळा ओरडला. तो एरवी आंबेनळी घाटात टेम्पो चालवतो.

"बाळ्या, तुझा टेम्पो तरी चढावर बंद पडतो रे," कडेला मोटरसायकलवर बसलेला एक जण म्हणाला. "हा सपाटीवर बंद पडतोय!"

मी गुडघ्यावर बसले. सुशांत एक डोळा उघडून पुटपुटला, "आरामात घ्या, मॅडम. घड्याळ पळू दे."

मला भांडता येत नाही. शाळेत इंग्रजीत गप्प बसायचे, आता मराठीत बसते. पण फॉर्म भरता येतो. बॅगेत शेलारसाहेबांनी दिलेला फॉर्म होता. शेलारसाहेब कंपनीचे सेफ्टी ऑफिसर आणि टीमचे मॅनेजर. स्पर्धाही कंपनीचीच, त्यामुळे त्यांनी कारखान्यातला अपघाताचा फॉर्म 'कामगार' खोडून 'खेळाडू' लिहून स्पर्धेला लावला होता. आधीच्या दोन्ही वेळा मी त्यावर फक्त वेळ टाकली होती. या वेळी ठरलेले प्रश्नही विचारले.

"आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

सुशांतला वाटलं, मी साथ देतेय. त्याने नजर हरवल्यासारखी केली. "गोवा?"

"कितवा हाफ?"

"पहिला."

"शेवटचा गोल कोणी मारला?"

"मीच मारला असणार."

मुकादम सर शेजारी उभे राहून ऐकत होते. मी तिन्ही उत्तरं लिहिली आणि त्यांना सांगितलं, "सर, बदली खेळाडू."

सुशांत ताडकन उठला. "मॅडम! एमआयडीसीचं मैदान, सेकंड हाफ, गोल आपल्या नऊ नंबरने मारला! बघा, बरा झालो!"

"लक्षणं गेली तरी आज खेळता येत नाही," मी म्हणाले. "आणि पुढचे सात दिवसही."

तो नाटक करतोय याची मला जवळजवळ खात्री होती. त्या 'जवळजवळ'साठीच तर फॉर्म असतो.

मॅच आम्ही एक-शून्यनेच जिंकलो. पोलादपूर घरी गेलं. दुसऱ्या दिवशी शेलारसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. सुशांत कोपऱ्यात उभा होता.

"अहो, त्याला काही झालेलं नाही."

"तसं लिहून द्या, सर."

"लिहून कसं देणार? खोटं पडल्याबद्दल वर्षाची बंदी आहे."

"मग त्याला लागलंय."

"तुम्हाला पुढच्या सीझनला यायचंय ना?"

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. शेवटचा रकाना रिकामा होता: 'घटनेचं मूळ कारण'. तो सेफ्टी ऑफिसरने भरायचा असतो. बराच वेळ पेन हातात फिरवून त्यांनी लिहिलं, 'जोराचा वारा.' मग सवयीने खाली 'उपाययोजना' मध्ये लिहिलं, 'खेळाडूंना समज देण्यात आली.'

रविवारी सुशांत बाकावर बसला. आम्ही फायनल हरलो. मुंबईच्या क्लबचा माणूस माझ्याकडे आला. "ह्याला डोक्याला नेहमी मार लागतो का?"

"तीन नोंदी आहेत," मी म्हणाले. खोटं एकही अक्षर नव्हतं, तरी मला बरं वाटलं नाही.

त्याने हातातल्या यादीतल्या एका नावावर रेघ मारली. ते सुशांतने पाहिलं. सरळ माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, तो फॉर्म द्या."

'जोराचा वारा' खोडून त्याने लिहिलं, 'मी स्वतः. तिन्ही वेळा.' खाली सही केली आणि कागद घेऊन त्या माणसाच्या मागे धावला.

स्पर्धेने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली. क्लबने पुढच्या आठवड्यात त्याला ट्रायलला बोलावलं. त्यांना जखमी डिफेंडर नको होता, खोटं पडणारा चालत होता.

कंपनीने मला परत बोलावलं नाही. पोलादपूरने बोलावलं. पहिल्या दिवशी बाळाने चहा पुढे केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, डोकं धरून पडल्यावर त्या तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली तर मैदानात परत येता येतं, नाय का?"

मी त्याच दिवशी प्रश्न बदलले.